सेत्सुकोच्या वळणाची निब

३ नोव्हेंबर
ठरलं. सेत्सुको गेल्याची शोककार्डं मी स्वतः हातानं लिहिणार. घरात दुःख आहे, नववर्षाच्या शुभेच्छा पाठवू नयेत, एवढाच मजकूर. एकूण कार्डं एकशेबारा. सेत्सुकोची धाकटी बहीण तामाए फोनवर म्हणाली, दाजी, छापून घ्या ना, हल्ली सगळे छापतात. म्हटलं, अडतीस वर्षं लोक आमच्या नववर्षाच्या कार्डांवरचं माझं अक्षर वाखाणतायत, आता छापील पाठवू?

आता हात सेत्सुकोचा चालायचा, हे कबूल. पण मजकूर माझा असायचा. 'नूतन वर्षाच्या शुभेच्छा.'

अडचण फक्त पेनाची आहे. एक भारी फाउंटन पेन आणतो. दहा तारखेपर्यंत काम फत्ते.

५ नोव्हेंबर
पेनच्या दुकानात गेलो. काउंटरवर ओइकावा. सत्तरीचे, डोळ्याला भिंग. निब घासून गिऱ्हाइकाच्या हाताला बसवून देतात, म्हणून मोरिओकात नाव आहे त्यांचं. म्हणाले, काहीतरी लिहा. सगळे लिहून बघतात ते 'चिरंतन' अर्थाचं चित्राक्षर लिहिलं. ओइकावा कागदाकडे बघतच नव्हते, माझ्या हाताकडे बघत होते. मग हळूच विचारलं, याआधी पेन कधी धरलं होतं? म्हटलं, पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं काढली, तिथे शिक्के असतात.

म्हणाले, तुमचा हात दाबून चालतो, मध्यम निब घ्या, एम. मी एफ घेतली, बारीक. माझं अक्षर नाजूक आहे.

९ नोव्हेंबर
एफ खरखरते. तिसऱ्या कार्डाला भोक. हवा फार कोरडी आहे.

१२ नोव्हेंबर
एफ बदलून एम आणली. 'शोक' लिहिताना थेंब पडला, त्यावर बाही फिरली. कागदच हलका. दुसरा आणायला हवा. लिहून झालेली कार्डं: शून्य.

१४ नोव्हेंबर, दुपार
सेत्सुकोचं जुनं पेन काढलं. तिच्या फोटोखालच्या खणात होतं. जूनमध्ये मी ते शवपेटीत तिच्या हाताशी ठेवलं होतं. दहनाच्या लोकांनी बाहेर काढून परत दिलं, धातू चालत नाही म्हणून. तेव्हापासून हात लावला नव्हता. वेळ मिळाला नाही.

शाई भरली. चालेना. सरळ धरलं, तिरकं धरलं, नुसते ओरखडे. मग कसं कोण जाणे, बोटं खाली सरकली, मान डावीकडे कलली आणि रेघ उमटली. तिची रेघ. पेन खणात टाकलं, खण लावला. पण त्या खणाकडे पाठ करून बसवेना. जागा बदलून बसलो. तिथे ऊनही बरं येतं.

१७ नोव्हेंबर
पेन रुमालात गुंडाळून ओइकावांकडे नेलं. त्यांनी भिंगातून खूप वेळ बघितलं. म्हणाले, या बाई पेन खूप खाली धरायच्या, डावीकडे झुकून. निब त्यांच्याच हातानं झिजलीय, दुसऱ्या कुणाला ती चालू देणार नाही.

म्हटलं, माझंच आहे, खांदा दुखायला लागायच्या आधीचं. म्हणाले, बरं. म्हटलं, माझी नवी एम हुबेहूब अशी करून द्या. त्यांनी भिंग काढून पुसलं, परत लावलं. म्हणाले, निब घासून देतो, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

२४ नोव्हेंबर
पेन आलं. खिडकीच्या काचेवर तिची पाठवायची राहून गेलेली जुनी कार्डं धरून वर गिरवतोय. बसतो तिच्या गादीवर. केवळ उजेडासाठी.

२८ नोव्हेंबर
झाली. तिची पत्त्यांची वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उतरवली, सगळीच्या सगळी. हात आपोआप चालत होता. समासात ती प्रत्येकाला एक ओळ लिहायची, त्याही सुचत गेल्या. माझ्या खात्यातल्या कुमागाईला: गुडघ्याला लोकरीचा पट्टा बांधत जा. तामाएला: खोकला अंगावर काढू नकोस, मुळा मधात घालून घे.

दोनदा वाटलं, मागं कुणीतरी बसून बघतंय. चहा दोन कप ओतला गेला. भीती वाटली, आणि फार बरंही वाटलं. सगळी कार्डं टपालपेटीत टाकून आलो. आता कुणाला शंका नको, अक्षर कुणाचं ते.

३० नोव्हेंबर
सकाळी तामाएचा फोन. आधी नुसतीच रडत होती. मग म्हणाली, दाजी, खरं सांगा, ताई गेलीय ना? म्हटलं, अगं, तूच नाही का माझ्याबरोबर अस्थी वेचल्यास? म्हणाली, मग ताई गेली हे ताईच्याच अक्षरात मला कुणी कळवलं? वर माझ्या खोकल्याची चौकशी.

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

दुपारी कुमागाईचा फोन. त्याच्या बायकोनं कार्ड थेट देवळात नेलं आणि त्यावर मंत्र म्हणवून घेतले. म्हणाला, बाबा रे, ते वहिनींचं अक्षर आहे हे आम्हाला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तुझा तर शिक्कासुद्धा वाकडा पडायचा.

१ डिसेंबर
टपालात कार्ड. वर माझं नाव, सेत्सुकोचं अक्षर. दारातच ते उलटसुलट करून बघितलं.

मग आठवलं. वहीतला शेवटचा पत्ता आमचाच. बाकीची पोचली का ते कळावं म्हणून ती दरवर्षी एक कार्ड आमच्याच घरी, माझ्या नावावर टाकायची. मी त्याला टेस्टिंग म्हणायचो आणि त्यावर चहाचा कप ठेवायचो. परवा लिहिण्याच्या ओघात मीच ते लिहिलं असणार.

समास कोरा आहे. एकशे अकरा लोकांना ती काय लिहील ते मला माहीत होतं.

तामाएला फोन करून विचारलं, ताई मला काय लिहायची गं? म्हणाली, ते मला काय माहीत, दाजी, तुम्हीच वाचायचात ना? पण सगळ्यात जास्त वेळ ती तुमच्याच कार्डाला लावायची.

कपाटं उपसली, माळा बघितला. एकही नाही. रद्दी दर जानेवारीत मीच बांधायचो.

५ डिसेंबर
ओइकावांकडून साधी एम बसवून घेतली, न घासलेली. 'मी आधीच सांगितलं होतं' असं ओइकावा म्हणाले नाहीत. माफीची एकशे अकरा कार्डं उद्यापासून, रोज दहा, माझ्या हातानं.

आज एकच लिहिलं. सेत्सुकोला. पत्ता आमचाच, पोचतंय का ते बघायला. समासात विचारलं, काय लिहायचीस?

८ डिसेंबर
पोस्टमननं बेल वाजवली. म्हणाला, काका, पत्ता कसाबसा लागला, पण नाव काय आहे तेच कळत नाही. कार्ड हातात घेऊन बघितलं. मलाही वाचता येईना. म्हटलं, आमच्याकडचंच आहे, द्या.