गयाबाईचं पुस्तक, पानं शंभर

२ डिसेंबर, सोमवार
बेल्यातल्या कॉम्प्युटर क्लासात आज नाव घातलं. वय चौसष्ट सांगतलं तं प्रतिभा मॅडम म्हणाल्या, काका, वयाचं काई नाई. मले माईतच होतं. एवढी वर्षं किराणा दुकान चालवलं, एका मशीनले काय भ्यायचं.
हेतू असा: १२ जानेवारीले गयाबाईचं वर्षश्राद्ध हाय. त्या दिवशी तिच्यावर पुस्तक वाटायचं. शंभर पानं. तेरवीले लोकायनं ‘दोन शब्द बोला’ म्हणून उभं केलं अन् माया गळा बसला. सर्दी होती. पुस्तकात तसं होणार नाई. एक्केचाळीस वर्षांचा संसार, मजकुराची काई कमी नाई. टायपिंग तेवढं शिकायचं हाय. रोज तीन पानं.

५ डिसेंबर, गुरुवार
माऊस हातात बसला. पहिलं पान तयार: ‘कै. सौ. गयाबाई उत्तमराव’. साईज ७२, बोल्ड, भोवताल फुलांची बॉर्डर. पान भरून गेलं. राह्यले नव्व्याण्णव.

१० डिसेंबर, मंगळवार
प्रकरण पहिलं, बालपण. ‘गयाबाईचा जन्म’ एवढं टाईप केलं. पुढं तारीख पाहिजे. आधार कार्डावर १ जानेवारी हाय, पण आमच्या गावात त्या वयाच्या सगळ्यायचीच १ जानेवारी हाय. मॅडमनं इचारलं, काका, काऊन थांबले? मी म्हणलं, कीबोर्डात ‘ज्ञ’ सापडत नाई. जन्मात ‘ज्ञ’ येत नाई हे त्यायनं सांगतलं नाई. चांगल्या बाई हायेत.
मंग सरळ प्रकरण दुसरं घेतलं, आवडीनिवडी. ‘गयाबाईले प्रवास मानवत नव्हता.’ हे पक्कं. एका दिवसात चार शब्द, पण ठोस.

१६ डिसेंबर, सोमवार
इंटरनेट. गुगलवर काईही सापडते म्हणे. गयाबाईचं नाव टाकलं. एक ग्रामपंचायत सदस्य निघाली, एक शाळा निघाली, एक मतदार यादी निघाली. आमची नाई. नेट स्लो असन. टॅब बंद करायले गेलो तं आणखी अकरा उघडले.

१९ डिसेंबर, गुरुवार
मोठी प्रगती. नेटवर कोण्या शांताबाईचं चरित्र सापडलं. नऊ पानं, भाषा गोड. कॉपी, पेस्ट. मंग फाइंड-रिप्लेस: शांताबाईच्या जागी गयाबाई. मशीननं सांगतलं, चौतीस बदल झाले. आता गयाबाई भर पुरात नदी पोहून जाते, भजनं म्हणते, नवऱ्याची व्याख्यानं लिवून देते. वाचता वाचता माये डोळे भरून आले. बायकायचं आयुष्य थोडंफार सारखंच असते.
हर्षालीले मेल केला. हे माई पोरगी, यवतमाळले दिली हाय. मेल पहिल्या झटक्यात गेला.

२५ डिसेंबर, बुधवार
हर्षालीचा फोन. म्हणे, बाबा, आई पाण्याले भेत होती. हे कोणाची आई हाय? मी म्हणलं, लिखाणात थोडं वाढवा लागते. मंग म्हणे, प्रवास मानवत नव्हता हे तुमाले कोणी सांगतलं? बेल्लमपल्लीले डोमामामाकडे जायचं म्हणून आई दर दिवाळीले पिशवी भरून ठेवत होती. तुमी म्हणत, हे गिऱ्हाइकीचे दिवस हायेत. मंग पिशवी खाली करत होती.
पिशवी मले आठवते. मले वाटे दळण हाय.
हर्षाली म्हणे, मी सांगतो, तुमी लिवा. मी म्हणलं, मले सगळं माईत हाय, रिव्हिजन चालू हाय. तिनं फोन ठेवला.
कंट्रोल ए, डिलीट. मंग कंट्रोल झेड, सगळं वापस आलं. हा शोध चांगला लावला कोणी तरी. मंग पुन्हा डिलीट केलं.

३० डिसेंबर, सोमवार
आज पान कोरंच होतं. मॅडम खुर्ची ओढून बाजूले बसल्या. म्हणाल्या, काका, बरेच दिवस झाले सांगू पाहून राह्यली. अन् कपाटातून एक फॉर्म काढला. दोन वर्षांआधीचा. गयाबाईचा. म्हणाल्या, काकू दोन दिवस क्लासले आल्या होत्या, मंग आल्या नाई. तुमाले माईत असन वाटलं.
फॉर्म तिच्याच अक्षरात हाय. जन्मतारीख: नागपंचमी, साल माहीत नाही. शिक्षण: चौथी. कशासाठी शिकायचे: ‘भाऊ डोमाजीले खाणीत काम करून ऐकू येत नाही. फोन होत नाही. मेल लिवायचा हाय.’
मी मॅडमले म्हणलं, तिनं मले सांगतलंच नाई. नाई तं मी स्वतः आणून सोडलं असतं. मॅडम म्हणाल्या, हो काका.

२ जानेवारी, गुरुवार
सांगतलं होतं. शेंगा निवडता निवडता. दोन दिवस दुपारी दुकानात ती दिसली नाई म्हणून मी इचारलं, तवा. मी म्हणलं, या वयात काय करतं शिकून, दुकानात कोण बसन? ती म्हणाली, बरं. अन् शेंगा निवडत राह्यली.
मी काई ओरडलो नव्हतो. हे लिवून ठेवतो.

९ जानेवारी, गुरुवार
पुस्तकाचं स्वरूप थोडं बदललं. एकच पान, पण सुटसुटीत. इन्सर्ट, पिक्चर. मॅडमनं फॉर्म स्कॅन करून देला, तो मधात बसवला. वर तिचं नाव. खाली ‘संकलन: उत्तमराव’, बोल्ड, साईज वीस. मंग चौदा केली. पन्नास प्रती काढल्या. लोकं शंभर पानं वाचतात कुठं आजकाल.

१२ जानेवारी, रविवार, संध्याकाळी पाच
वर्षश्राद्ध झालं. हर्षाली आली, प्रतिभा मॅडम आल्या, डोमाजी दोन बस बदलून आला. त्याले पाहून सात वर्षं झाली असन. पार वाळला.
जेवणाच्या पंगतीत कागद वाटले. डोमाजीनं चष्मा लावून वाचला. बोट ठेवून, एक एक शब्द. मंग मले म्हणे, भाऊजी, मले मेल लिवणार होती? मी मान हलवली. म्हणे, पोरानं माया फोनवर मेल घालून देला हाय. तिचा काई आला नाई. शिकली नाई का?
मी म्हणलं, कॉम्प्युटर बिघडला होता.
त्याले ऐकू आलं नाई. तो कानाले हात लावून पुढं वाकला. मी पुन्हा सांगतलं. तरी नाई. मंग मले ओरडून सांगा लागलं, कॉम्प्युटर बिघडला होता क्लासातला. पंगत थांबली. हर्षाली वाढता वाढता माह्याकडे पाहत राह्यली. मॅडमनं मान खाली घातली अन् भात कालवत बसल्या.
डोमाजीनं मान डोलावली. म्हणे, मशीनचं तसंच असते. कागदाची घडी करून आतल्या खिशात ठेवली. दुसरा एक मागून घेतला, पोराले दाखवायले. चारच्या बसनं गेला.
मशीन चांगली होती. तिले दुकानात मी बसवलं. हे वाक्य त्या पानावर टाकायले पाहिजे होतं, जागाही होती. पण प्रती वाटून झाल्या.