होणाऱ्या व्याह्याशी लुडोत हरायचं आहे

५ नोव्हेंबर, सकाळ
आमच्या भूमिकेला पियूष पसंत. पियूषला भूमिका पसंत. आता फक्त साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख यायची. ती पियूषचे वडील ताराचंदजी खाप्याहून कळवणार. मुलीच्या बापाने आपण होऊन विचारायचं नसतं, म्हणून मी शांत आहे. अत्यंत शांत. सकाळपासून सक्करदरा तलावाला दोन चकरा झाल्या.

पुण्याला परत जाण्याआधी पियूषने माझ्या आणि ताराचंदजींच्या फोनमध्ये लुडो टाकून दिला. दोघांची ओळख वाढेल म्हणे. पोराला काय माहीत, मी जन्मभर वाडीच्या गोडाऊनमध्ये ट्रक लावले. चार गोट्या लावायला मला कितीसा वेळ!

सायंकाळ
पहिला गेम जिंकलो. हसणाऱ्या गाढवाचं एक स्टिकर असतं, ते पाठवलं. खेळीमेळीत.

७ नोव्हेंबर
पुन्हा जिंकलो. गाढव पाठवलं. बायको, शामला, चिडली. होणाऱ्या इवायाले असं कोणी हरवते काय जी, म्हणाली. अजून तारीख याची हाय अन् तुमी गाढवं पाठवून राहिले. मुद्दा बरोबर आहे. उद्यापासून हरायचं. सन्मानाने, शेवटच्या चालीत, त्यांना संशयही येणार नाही असं. चांगल्या खेळाडूला हरणं अवघड नसतं.

एक खटकलं. ताराचंदजी खेळता खेळता चॅटमध्ये काहीतरी लिहीत असतात. लक्ष उडवायची ट्रिक. त्यांचं चॅट म्यूट करून टाकलं. स्क्रीन कशी स्वच्छ झाली.

८ नोव्हेंबर
हरायचं होतं. जिंकलो. त्यांची गोटी माझ्या गोटीच्या बरोबर पाच घरं पुढे उभी, आणि पाचच पडले. दुसरी गोटी चालवता आली असती, असं शामलाचं मत. तिला खेळातलं कळत नाही. गाढव सवयीने गेलं.

११ नोव्हेंबर
तारीख नाही. पियूषच्या आईचा, वच्छलाबाईंचा, शामलाला फोन आला. थंडीची चौकशी झाली, तुरीची झाली. शेवटी त्यांनी विचारलं, बाबारावजी काही म्हणून राहिले काय? शामला म्हणाली, नाही बाई, मजेत हायेत.

मी मजेत नाही. भूमिका तोंडाने काही विचारत नाही, पण फोन वाजला की हातातलं टाकून बाहेर येते. मला ते पाहवत नाही. माझ्या जिंकण्यापायी पोरीचं लग्न अडलं असेल तर लानत आहे माझ्यावर. आज हरणारच.

सायंकाळ
फोन टीपॉयवर ठेवला. हात काखेत, तोंड भिंतीकडे. वेळ संपली की ॲप स्वतःच चाल करतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. ॲपने त्यांच्या दोन गोट्या कापल्या. जिंकलो. यात माझा काडीचा दोष नाही. गाढव मात्र मी पाठवलं.

१४ नोव्हेंबर
ताराचंदजींचा खेळ दिवसेंदिवस बिघडतो आहे. आज माझी गोटी अगदी तोंडात आली होती, त्यांनी सोडून दिली आणि भलतीच हलवली. खाप्यात एवढं हार्डवेअरचं दुकान हा माणूस चालवतो कसा? अशा घरात मुलगी द्यावी का, असंही क्षणभर मनात आलं. मग माणुसकी जागी झाली. गोट्या कशा जपाव्यात यावर त्यांना व्हॉट्सॲपवर लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला. शामलाने कपाळावर हात मारला. डोकं दुखत असावं.

१६ नोव्हेंबर
व्हॉइस मेसेजला फक्त अंगठा आला. दुपारी वच्छलाबाईंचा फोन. पुढच्या रविवारी जेवायला या, बसून बोलू म्हणे. बसून बोलू म्हणजे काय? नकार उभ्याने देता येत नाही म्हणून? आज जेवण गेलं नाही. गॅलरीतून हॉल, हॉलमधून गॅलरी. शामला म्हणाली, बसा ना जी एका जागी. बसलो. पाय चालूच.

ठरलं. खाप्याला सगळ्यांसमोर हरायचं.

२३ नोव्हेंबर, खापा
शामला आणि भूमिकेला घेऊन आलो. जेवण झालं. पियूष पुण्याहून आलेला. मी आणि ताराचंदजी दिवाणावर शेजारी बसलो, आपापले फोन काढले.

गेम संपेचना. मी त्यांची गोटी सोडायचो, ते माझी सोडायचे. घराजवळ आलेली गोटी दोघंही तिथेच ठेवून दुसरी फिरवायचो. एवढ्यात आतून वच्छलाबाई ओरडल्या, हारा ना जी लवकर, चहा थंडा होऊन राहिला!

हे त्या त्यांच्या नवऱ्याला म्हणाल्या.

ताराचंदजींनी फोन खाली ठेवला. म्हणाले, मी तं रोजच हारून राहिलो, तरी हे हो म्हणत नाहीत. मी विचारलं, कशाला हो म्हणायचं? त्यांनी त्यांचं चॅट दाखवलं. सात तारखेपासून रोज एकच ओळ: १२ डिसेंबर जमते काय? आणि प्रत्येक ओळीखाली माझं गाढव.

तारीख आधी मुलीच्या बापालाच विचारावी म्हणून त्यांनी पोरांनाही सांगितलं नव्हतं. बाबारावजी जिंकून खुश झाले की हो म्हणतील, असं वच्छलाबाईंनी सुचवलं होतं. मी म्यूटचं सांगितलं. नेटवर्कचंही थोडं जोडून पाहिलं. भूमिका उठून अंगणात गेली. पियूष तिच्यामागे.

१२ डिसेंबरचा हॉल परवाच दुसऱ्यांना गेला. आता संक्रांतीनंतर. गुरुजीले विचारून लुडोतच कळवतो, ताराचंदजी म्हणाले, आणि सगळे हसले. भूमिका सोडून.

२४ नोव्हेंबर
भूमिका रुसलेली. मी दोनदा चहा केला. तिने दोन्ही वेळा घेतला आणि आपल्या खोलीत जाऊन प्यायली.

सायंकाळ
ताराचंदजींचं लुडोचं बोलावणं आलं. आधी चॅटचं म्यूट काढलं. आता संकोच उरला नाही, म्हणून जिंकायचं ठरवून बसलो. माझी एकही गोटी घरी गेली नाही. माणूस कसाई आहे. खाप्याकडून गाढव आलं आणि त्याखाली ओळ: २५ जानेवारी जमते काय?

मी उत्तर द्यायला बोट उचललं. भूमिकेने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि स्वतःच लिहिलं, जमते. नंतर पुढचा गेमही तीच खेळली, माझ्या शेजारी बसून. मला फक्त फासा टाकू दिला. एक पडला.