हजेरीला विचारलेला प्रश्न

प्रिय अदू,

रोज संध्याकाळी फोनवर बोलतो, मग हे पत्र कशाला, असं म्हणशील. तुला एक गोष्ट विचारायची आहे. फोनवर ती तोंडाशी येते आणि मी भलतंच काहीतरी विचारून फोन ठेवतो. म्हणून लिहायला बसलोय. पण त्याआधी माझ्या शाळेची हकीकत ऐक, कारण ती नसती तर तुला नीट विचारायला हवं हे माझ्या ध्यानातही आलं नसतं.

शाळा म्हणजे तीच, जिच्यावरून तू आणि आई मला चिडवत होता. नोकरीतल्या पोलीस अधिकाऱ्यांसाठी काढलेलं एम.ए., विषय नेतृत्व आणि प्रशासन. शनिवार-रविवार निपाणीहून बेळगावला जायचं आणि बाकावर बसायचं. माझ्या शेजारी खानापूरकडचा उपेंद्र बसतो. मी चष्मा विसरलो की फळ्यावरचं तो माझ्या कानात सांगतो. आपापल्या ठाण्यात आम्ही सगळे साहेब, आणि इथं विद्युल्लता मॅडम आत आल्या की खुर्च्या सरकवत उभे राहतो. मला मात्र फार मजा येते. माणसं चोरी का करतात, घर सोडून का जातात, याचा विचार मी जन्मभर केला. माझ्या हाताखालची माणसं माझं का ऐकतात, याचा कधीच केला नव्हता. धाकानं ऐकतात? सवयीनं? की मी खरंच बरा माणूस आहे म्हणून? हे प्रश्न डोक्यात घेऊन मी घाट उतरतो आणि तवंदीचं वळण कधी गेलं ते कळत नाही.

मॅडमनी गृहपाठ दिला. आपल्या ठाण्यातल्या माणसांना एकेकटं बोलवा आणि विचारा, मला सांगायची राहिलेली एखादी गोष्ट आहे का. मी सोमवारीच केबिनचं दार लावून सुरुवात केली. पहिला आला आदर्श, नवा शिपाई. ताठ उभा राहून म्हणाला, साहेब शिस्तीचे आहेत पण मनानं मायाळू आहेत, काही तक्रार नाही. मला आतून गुदगुल्या झाल्या. दुसराही तेच म्हणाला. तिसरा कन्नडमधून बोलला, पण वाक्य तेच. मग पुढच्याला मी मुद्दाम त्याचं गाव विचारलं, तर तो घाम पुसत म्हणाला, साहेब शिस्तीचे आहेत.

मग हवालदार परशरामला धरलं. पाठांतर त्यानंच करून घेतलं होतं, ठाण्यामागच्या चिंचेखाली. साहेब दार लावून एकेकाला विचारतायत, म्हणजे साहेबांवर खात्याची चौकशी लागली असणार आणि त्यांनाच जबाब गोळा करायला सांगितलं असणार, असा त्याचा समज. मला म्हणतो, “साहेब, तुमच्या अंगावर कायतरी यायचं आणि आमी गप बसायचं व्हय? सगळ्यांनी एकच बोललं तर कोण काय करतंय?” साक्षीदार पढवून आणायचे नाहीत, हे त्याला मीच शिकवलं होतं. त्याला झापावं की जवळ घ्यावं, मला कळेना. शेवटी चहा मागवला.

पुढच्या शनिवारी मी मॅडमना सांगितलं, माझा गृहपाठ वाया गेला. त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, वाया कुठं गेला? तुमची माणसं तुमच्यासाठी खोटं बोलायला तयार आहेत आणि तुम्हाला खरं सांगायला तयार नाहीत. असं का, ते शोधा. सकाळची हजेरी मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि घरी जाऊन ऐका.

ऐकलं, आणि हा कोण गृहस्थ बोलतोय असं झालं मला. “कालची गस्त झाली? झाली. गाडीचं काम? होईल. कुणाला काही अडचण? नाही. चला.” प्रश्न माझे आणि उत्तरंही माझीच. समोर एवढी माणसं उभी, पण त्यांच्या फक्त बुटांचा आवाज. उत्तर साक्षीदाराच्या तोंडात घालू नये म्हणून मी नव्या पोरांना धारेवर धरतो. आणि स्वतः रोज सकाळी हेच करतोय, तेही मोठ्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी हजेरीला मी विचारलं, कुणाला काही अडचण आहे का, आणि गप्प राहिलो. अवघड असतं गं. पंखा फिरतोय, परशराम खोकतोय, आणि “नाही, चला” माझ्या जिभेवर येऊन बसलेलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले, साहेबांना बरं वाटत नाही की काय म्हणून. शेवटी मागून तेजस्वी बोलली. सांबऱ्याची पोरगी, आमच्याकडं महिला शिपाई आहे. “साहेब, हद्दीवरच्या बंदोबस्ताला आमी बायका सकाळपासनं पाणी पीत न्हाय. जायला जागाच नसती तिथं. दरवर्षी असंच असतंय.” महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या त्या बंदोबस्ताचा नकाशा दरवर्षी मीच काढतो. बॅरिकेड कुठं, गाड्या कुठं, जेवणाची पाकिटं कुठं, सगळं त्यात असतं. मला लाज वाटली. जवळच्या शाळेच्या हेडमास्तरांना भेटलो, त्यांनी लगेच सोय करून दिली. तेजस्वीला मी म्हटलं, आधी का नाही बोललीस? तर ती नुसती हसली. त्या हसण्याचं काय करायचं हे मला अजून समजलेलं नाही.

आता तुझ्याकडं येतो. मागच्या आठवड्यात हायकोर्टाच्या कामाला धारवाडला आलो होतो. तुला चकित करावं म्हणून कळवलं नाही. आईनं दिलेली शेंगाची चटणी घेऊन हॉस्टेलवर गेलो. वॉर्डनबाई म्हणाल्या, अदिती गणपतीच्या सुट्टीनंतर खोली सोडून गेली, कॉलेजमधूनही नाव काढलंय तिनं. त्याच संध्याकाळी आपण फोनवर बोललो. मी म्हणालो, मेसचं जेवण बरं आहे? बरंच असेल. अभ्यास चालू आहे? चालूच असणार. तू हूं म्हणालीस. फोन ठेवल्यावर मी आपलं बोलणं पुन्हा आठवून पाहिलं. तू खोटं बोललीस असं म्हणायलाही जागा नव्हती, कारण तुला बोलायला मी दिलंच नव्हतं.

तुझा मोबाइल कोणत्या टॉवरखाली आहे हे काढायला मला एक फोन पुरतो. तो करायला हात गेलाही होता, तुझ्यापासून कशाला लपवू. पण नाही केला. हे पत्र तुझ्या मैत्रिणीच्या, सौम्याच्या हातात देणार आहे. तिला ठाऊक असणार, पण तिला मी पत्ता विचारणार नाही. पहिल्या दिवशी मला राग होता. आता भीती वाटते, आणि त्याहून जास्त मला जाणून घ्यायचं आहे. माझी पोरगी रोज सकाळी उठून कुठं जाते? शिकण्यात काय नकोसं झालं तिला? आता काय करते, एकटी राहते की कुणाबरोबर? तुला शोधून काढणं मला सोपं आहे, पण तू अशी सापडावीस असं मला वाटत नाही. तू स्वतःहून सांगावंस, असं वाटतं. आईला मी काही बोललेलो नाही, तिला काय आणि कधी सांगायचं ते तूच ठरव. या रविवारी वर्ग नाही. सकाळी फोन करीन, “अदू, कुठं आहेस?” एवढंच विचारीन. तू लगेच बोलली नाहीस तरी मी फोन ठेवणार नाही.

तुझाच,
आप्पा