सोळा दशांश दोन

मी, कडूबा कचरू उढाण, वय ५४, मूळ तीर्थपुरी, हल्ली राहणार जालना, डोकं जाग्यावर असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या अक्षरात पुढील व्यवस्था लिहून ठेवतो. शिक्षण सातवी. लेथचं काम बघून बघून शिकलो.

१. दोन खोल्यांचं घर व बँकेतली ठेव पत्नी नंदाबाई हिला. मागच्या दाराची कडी मी बसवली आहे, ती कोणी बदलू नये.

२. भाऊ आदिनाथ याने २०११ साली "परवा आणून देतो" म्हणून नेलेला माझा मायक्रोमीटर नंदाबाईकडे जमा करावा. डबीसह.

३. गिरधारीलाल शेठच्या रोलिंग मिलमध्ये सव्वीस वर्षे लेथवर रोल कापले, म्हणजे ज्यांच्या खाचेतून लाल सळई दाबून निघते ते लोखंडी रूळ. मंग मशीन तैवानचं आलं, गिऱ्हाईक दुबईचं, नकाशे मेलवर. तीन दिवस ट्रेनिंगला बसवलं, परीक्षा इंग्रजीत घेतली. शेठचा मुलगा रजत म्हणाला, "काका, आता गेटवर आरामात बसा." आराम मी मागितला नव्हता. तेव्हा दिलेली शाल त्याला परत करावी. घडी मोडलेली नाही.

४. त्या मशीनवर माझीच मुलगी आकांक्षा लागली, डिप्लोमा करून. पहिल्या रोलची खाच तिने नकाशाप्रमाणे सोळा मिलिमीटर कापली. सळई लाल असताना फुगलेली असते, थंड झाल्यावर आकसते. सोळाच्या सळईला खाच सोळा दशांश दोन लागते. हे नकाशात नव्हतं, माझ्या वहीत होतं. जेवणाच्या सुट्टीत मी व्हर्नियर लावून पाहिलं. तिने विचारलं, "पप्पा, बराबर आहे ना?" मी म्हणालो, "मशीनला विचार." सगळा माल बारीक निघाला. तिला कामावरून काढलं. "तुम्हाला माहीत होतं," एवढंच ती म्हणाली. पाच महिने आमचं बोलणं बंद आहे.

५. चूक तिची नव्हे, माझी. तसं सहीनिशी लिहून शेठला मी स्वतः नेऊन देईन. मापांची वही व व्हर्नियर आकांक्षाला. सोळाचं माप पान ३१ वर. शेवटची नऊ पानं कोरी आहेत, त्यात तिने मशीनचे आकडे लिहावेत.

साक्षीदार:
१. राधेश्याम तोष्णीवाल, दुकानदार
२. बेबीनंदा वाघ, शेजारी
(आकांक्षाला लाभ असल्याने तिची सही घेतलेली नाही.)

जालना, दि. ९ फेब्रुवारी २०२५
सही: क. क. उढाण

दुरुस्ती: कलम ५ मधले "माझ्या पश्चात" हे दोन शब्द खोडले आहेत. खोडाखोड माझीच. वही आज सकाळी तिच्या हातात दिली. बराच वेळ चाळून म्हणाली, "पप्पा, तुमचं अक्षर लागत न्हाई. बसा इथं."