बाजूला उभा असलेला पंच

१२ मार्च, दुपार

ताई,

नमस्कार, आईलाही सांग. तुझं पत्र मिळालं. वाचलं, उशीखाली सारलं, आज काढलं. फोनवर बोलताना आई शेजारी असते, म्हणून लिहिलंस ते बरं केलंस.

मी ठीक आहे. खातो, झोपतो. खोलीत आम्ही तिघं, त्यातला एक घोरतो, दुसरा त्याला उशी फेकून मारतो. माझे बूट काही केल्या वाळत नाहीत. काल खिडकीत ठेवले तर खालच्या बाईंनी वर येऊन नाक दाबून दाखवलं. जाऊ दे.

काम पंचाचं. बेसबॉलच्या सामन्यांत. हसू नकोस, शाळेत ज्याला कुणी संघात घेत नव्हतं तो आता लोकांना बाद करतो. मोठे पंच चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या पाठीशी वाकून उभे असतात. त्यांना सगळे काका म्हणतात. मी लांब बाजूला, पहिल्या बेसपाशी, म्हणजे धावणाऱ्याच्या पहिल्या थांब्यापाशी. कधी कधी बॅटर बॅट फिरवायला निघतो आणि मध्येच थांबतो. फिरवली धरायची की नाही? धरली तर ते बॅटरच्या विरुद्ध जातं. काकांची नजर चेंडूवर, बॅट कुठवर गेली ते त्यांना नीट दिसत नाही. ते म्हणतात, नाही फिरवली. मग कॅचर ओरडतो, "अहो, त्याला विचारा की!" काका माझ्याकडे बोट करतात. फिरवली असेल तर मी मूठ वर करायची, नसेल तर दोन्ही हात पसरायचे. विचारल्याशिवाय मात्र तोंड उघडायचं नाही.

परवा त्यांनी बोट केलं आणि मी नुसताच उभा राहिलो. खेळाडूंच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "डोळे आहेत की शर्टाची बटणं?" शेवटी हात पसरले, कसेबसे.

नंतर काका म्हणाले, "कुठे होतास रे?"

"नीट दिसलं नाही, काका."

"तुला तिथे उभा कशाला केलाय मग? हवा खायला?"

मी विचारलं, बॅट नेमकी कुठवर गेली की फिरवली म्हणायचं. ते बुटातली माती झटकत म्हणाले, "रेघ-बिघ काही नसते. मारायला निघाला होता का, एवढंच सांगायचं."

तू पण तेच विचारलंयस. भावोजी म्हणतात, त्या संध्याकाळी तुझ्यावर हात उगारला पण आवरला. आई म्हणते, आवरला ना, मग विषय संपला. तुझे डोळे मिटलेले. शनिवारी ते न्यायला येणार, आणि मी सांगेन तसं तू करणार. हे वाचून काहीतरी वाटायला हवं होतं. मी उठून बूट उलटे करून ठेवले.

तेव्हा मी खोलीच्या दाराशी होतो, दोन्ही हातांत चहाचे कप. तुझ्या बाजूच्या कपाटाचं दार उघडं, तुमच्या दोघांच्या मध्ये आलेलं होतं. ताई, त्यांनी हात आवरला नाही. तो कपाटाच्या दारावर आदळला. तू ऐकलास तो आवाज त्याचाच. हात आवरून रागानं कपाटावर आपटला म्हणाले, तेव्हा बोटं चोळत होते. दार मिटलेलं असतं तर तो तुझ्या कानाखाली बसला असता. मी कप टेबलावर ठेवले. चहा सांडला नव्हता. मला कुणी काही विचारलं नाही, मी काही बोललो नाही. सकाळी गाडी पकडून इकडे आलो.

आता तू विचारलंयस. मारायलाच निघाले होते.

जाऊ नकोस. आई म्हणेल, धाकट्यानं घर मोडलं. म्हणू दे. शनिवारी भावोजींनी विचारलं, हे तुझ्या डोक्यात कुणी घातलं, तर माझं नाव घे आणि त्यांना माझा नंबर लावून दे. मी फोन उचलेन.

तुझा,
ज्यानं पाहिलं तो