एका पोथीभोवती सात जण

२४ नोव्हेंबर

ठरलं. यंदाची लिख्टमिसची, म्हणजे दोन फेब्रुवारीच्या मेणबत्त्यांच्या सणाची, कॉन्सर्ट पाचशे वर्षांपूर्वी करत तशीच करायची. हीटर बंद, दिवे बंद, फक्त मेणबत्त्या. मेणबत्त्यांच्याच सणाला विजेचे दिवे लावून गायचं म्हणजे लाज आहे. आमच्या गायनमंडळाच्या सातही जणांनी एका मोठ्या पोथीभोवती उभं राहून गायचं. पोथीच्या उघड्या पानावर चारही आवाजांचं गाणं चार कोपऱ्यांत लिहिलेलं असतं, ते सगळ्यांना दिसतं. दिसायलाच हवं.

आणि चष्मे नाहीत. आपल्या चर्चच्या बाजूच्या देवघरात जुनं चित्र आहे, गायक पोथीभोवती उभे असलेलं. त्यात एकाच्याही नाकावर चष्मा नाही. मी वर्षानुवर्षं पाहतोय.

उद्यापासून रोज सकाळी अर्धा तास सूर लावणे. घशासाठी चीज बंद.

२५ नोव्हेंबर

सकाळी फार गारठा होता. सूर उद्यापासून.

१ डिसेंबर

पहिली रिहर्सल. फॉन्स कान झाकणारी टोपी घालून आला. तो खाटीक आहे, आयुष्य शीतगृहात गेलं, आणि थंडी त्यालाच वाजते. म्हणाला, मास्तर, माझ्या दुकानात डुकरं टांगतो तिथे याहून ऊब असते. (मी लॅटिन शिकवायचो म्हणून मास्तर. रिटायर होऊनही सुटका नाही.)

रिकाला प्रत्येकाच्या हातात झेरॉक्स हवी. ती औषधांच्या दुकानात बसते, तिला प्रत्येक गोष्ट ज्याची त्याची वेगळी पुडी करून द्यायची सवय. मी नाही म्हटलं. मग म्हणाली, निदान चष्मा तरी घालू दे रे बाबा, नाहीतर मी खालच्या ओळीऐवजी मेणबत्तीचा डाग गाईन. घाल म्हटलं. पण ताल देणारा मी, म्हणजे माझ्या नाकावर चष्मा शोभणार नाही. चित्रात ताल देणाऱ्याने शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवलाय आणि तो बोटांनी ताल देतोय. अधिकार असा असतो.

एकच तक्रार. गोडेलीव्ह. बायको म्हणून तिला माझ्या डाव्या बाजूला उभं करतो, तर ती गाताना सारखी माझ्या खांद्यावर बोटं आपटते. माझा सूर सुरू व्हायच्या आधी तर हमखास दोनदा. सोप्रानो, म्हणजे वरचा सूर गाणारी माणसं अस्वस्थच. सांगायला हवं.

६ डिसेंबर

संत निकोलासचा दिवस. स्पेक्युलास बिस्किटं खाल्ली, पुष्कळ. त्यात चीज नसतं.

हल्ली बसवर नंबर फार बारीक रंगवतात. चुकीच्या बसने पार कालव्यापर्यंत जाऊन आलो. गोडेलीव्ह म्हणाली, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ या का. मी म्हटलं, डॉक्टरकडे बसवाल्यांना ने. ती बटाटे सोलत राहिली.

१५ डिसेंबर

गोडेलीव्हची जागा बदलली. शास्त्राला धरूनच. जुन्या काळी वरचा सूर लहान मुलं गायची, आणि मुलं पुढे उभी असत. म्हणून आता ती पोथीच्या पुढे, डावीकडे, माझ्यापासून लांब. माझ्या शेजारी फॉन्स.

तिने विचारलं, नक्की? नक्की, म्हटलं. घरी सूप वाढताना परत विचारलं, विल्फ्रीड, नक्की ना? मग मला राग आला. एवढी वर्षं गातोय, मला कोण कुठे उभं राहावं हे कळत नाही का? ती म्हणाली, बरं. तिचं बरं मला आवडत नाही.

२० डिसेंबर

रिहर्सल रद्द. चौघांना सर्दी. रिकाचा फोन आला. म्हणाली, हीटर लावला असता तर चौघंही आली असती, आणि माझ्या दुकानातल्या खोकल्याच्या बाटल्या संपल्या नसत्या. मी म्हटलं, पाचशे वर्षांपूर्वी कोणाला सर्दी होत नव्हती का? ती म्हणाली, होत होती, मरत होते.

चीजबंदी नाताळानंतर.

६ जानेवारी

तीन राजांचा दिवस. कागदी तारा घेऊन पोरं दारात गाऊन गेली. बेसूर. तरी गोडेलीव्हने त्यांना मंडारिन संत्री दिली. मला पोटातून हसू आलं होतं, पण थकवा इतका की हसलो नाही.

संध्याकाळी रिहर्सल. माझा सूर तीनदा उशिरा सुरू झाला. जुन्या लिखाणात मात्रांच्या रेघा नसतात, एकदा सुटलं की कुठे पकडायचं हे पानावर लिहिलेलं नसतं, मोजत राहावं लागतं. मी फॉन्सला म्हटलं, तू घाई करतोस. तो म्हणाला, मास्तर, मी अजून तोंडसुद्धा उघडलेलं नव्हतं. सगळे हसले. गोडेलीव्ह हसली नाही.

मेणबत्त्या निकृष्ट आहेत. मधमाशांच्या मेणाच्या आणाव्या लागतील.

१९ जानेवारी

मेणबत्त्या बदलल्या. अक्षरं अजून पळतात. शाई फिकी आहे. छापणाऱ्यांना कळत नाही.

रिहर्सलनंतर रिकाने मला बाजूला घेतलं. तोंड उतरलेलं. म्हणाली, बघ विल्फ्रीड, आम्ही सगळ्यांनी बोलून ठरवलंय. लिख्टमिसला नीट झालं तर तू म्हणशील तसं, मरेपर्यंत थंडीत गाऊ. नाही झालं तर हीटर, झेरॉक्स आणि ताल मी देणार. वाईट वाटून घेऊ नकोस. मी विचारलं, सगळ्यांनी म्हणजे? ती म्हणाली, सगळ्यांनी. गोडेलीव्हनेसुद्धा? त्यावर रिका हातमोजे चढवायला लागली.

घरी येताना बर्फ भुरभुरत होतं. खरं सांगायचं तर हे गाणं गेलं तर मला काय उरतं, हे मला माहीत नाही. बागही नाही मला.

१ फेब्रुवारी

मला सगळं पाठ आहे. पोथीची गरजच नाही. लवकर झोपतो.

२ फेब्रुवारी, सकाळ

थंडी कडक. उत्तम. लोक कोट घालून बसतील, तेव्हाही बसत.

३ फेब्रुवारी

काल जे झालं त्याला मेण जबाबदार आहे. हे आधी लिहून ठेवतो.

चर्च भरलेलं होतं. पहिली दोन गाणी बरी गेली, म्हणजे माझ्याशिवाय बरी गेली असं फॉन्स म्हणेल. तिसऱ्यात मध्ये पान उलटायचं असतं, आणि पान उलटणारा मी. पानांवर मेण सांडून दोन पानं चिकटली होती. मी दोन्ही एकदम उलटली. मला कळलं नाही. ज्यांना पाठ होतं ते गात राहिले, ज्यांना पाठ नव्हतं ते समोर दिसलं ते गायले, म्हणजे पुढचं गाणं. दोन गाणी एकमेकांच्या अंगावर चालून गेली. मग एकेक आवाज थांबला. शेवटी फॉन्सचा खर्ज तेवढा राहिला, तोही थांबला.

मी पानाकडे पाहत होतो. पान काळं-पांढरं होतं, एवढंच. सगळे माझ्याकडे पाहत होते. कुठून सुरू करायचं हे मला माहीत नव्हतं. पळून जावं असं वाटलं, आणि माझ्या वयाला पळता येत नाही.

मग गोडेलीव्ह पुढची जागा सोडून आली. फॉन्स सरकला. तिने चिकटलेली पानं सोडवली, परत मागे घेतली, माझ्या डावीकडे उभी राहिली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. बोटं चालू झाली. माझ्या सुराआधी दोनदा. मी सुरू केलं. बाकीचे आले. शेवटपर्यंत गेलं.

टाळ्या खूप झाल्या. मग हॉलमध्ये लिख्टमिसचे पॅनकेक. फॉन्सने स्वतःच्या ताटातला पॅनकेक माझ्या ताटात टाकला, वर साखर पण घातली. फॉन्स कधी कोणाला खायचं देत नाही. तेव्हा मला कळलं की संपलं.

९ फेब्रुवारी

मीटिंग. ताल रिका देणार. हीटर लागणार. पोथी मात्र राहणार, हा माझा विजय. पान उलटण्याचं काम माझ्याकडेच ठेवलंय, गोडेलीव्हने खूण केली की उलटायचं. जबाबदारीचं काम आहे. ते प्रत्येकाला जमत नाही.

रिकाने जाताना डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. गोडेलीव्ह म्हणाली, मी कधीच वेळ घेऊन ठेवलीय, तो हो म्हणायची वाट बघत होते.

हो म्हटलं. थकलोय.

२३ फेब्रुवारी

चष्मा मिळाला. बाहेर पडलो तर झाडांना फांद्या होत्या. बसवरचा नंबर भलताच मोठा.

रिहर्सलला लवकर पोचलो. हीटर गुरगुरत होता, दिवे लागलेले होते. बाजूच्या देवघरात जाऊन ते चित्र पाहिलं. जवळून. पुष्कळ वेळ.

ताल देणाऱ्या माणसाच्या नाकावर चष्मा आहे. गोल, काळ्या कडांचा, चिमट्यासारखा बसवलेला. आणि त्याचा हात कोणाच्याच खांद्यावर नाही. त्याचे दोन्ही हात पोथीवर आहेत. खांद्यावरचा हात शेजाऱ्याचा आहे, आणि तो खांदा ताल देणाऱ्याचा स्वतःचा आहे.

गोडेलीव्ह मागे येऊन उभी राहिली होती. तिला विचारलं, तुला हे दिसत होतं? म्हणाली, पहिल्या वर्षापासून. तू ताल समजावून सांगायचास तेव्हा मी हेच बघत बसायचे. मग म्हणाली, चल आता, रिका वाट बघतेय, आणि पानं नीट वेगळी कर.