मागची खोली रिकामी आहे, त्याबद्दल

तीर्थस्वरूप दादांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, कंबर जेवढं वाकू देते तेवढं वाकून नमस्कार. (पुरता साष्टांग घातला असता, पण मधे बरेच दिवस रांगून रांगून कंबर धरली आहे, आणि एकदा खाली गेलो की वर यायला कोणाला तरी हाक मारावी लागते. कारण पुढे येईलच.) इकडे सगळे खुशाल. लाँड्री आता मुलगा आणि सूनबाई बघतात, आणि माझ्याशिवाय ती जास्त बरी चालते हे मला रोज कोणी ना कोणी मोठ्या मनानं सांगतं. तुमची प्रकृती विचारत नाही, कारण विचारली की तुम्ही ‘उत्तम’ म्हणता. परवा फोनवर बोलता बोलता तुम्ही खुर्चीतून उठलात. तोंड ‘उत्तम’ म्हणालं, त्याच वेळी गुडघा काय म्हणाला तेही मला ऐकू आलं. सगळा जन्म बॉयलरच्या शेजारी काढलेल्या माणसाला कुठला सांधा किती दिवस टिकेल ते आवाजावरून कळतं.

पत्राचं कारण असं. तुमच्या बहिणीनं मला समोर बसवून एक वाक्य सांगितलं आहे, ते जसंच्या तसं उतरवतो. ‘मागची खोली रिकामी आहे, आता कायमचे इकडे या.’ वहिनी गेल्यापासून तुम्ही एकटे, त्यात ते जिने, आणि बोलावलं की तुमचं ठरलेलं उत्तर, बहिणीच्या घरी नुसता बसून मी काय करू. तिचं म्हणणं, तोंडी सांगून दादा ऐकत नाही, लेखी गेलं पाहिजे, जन्मभर कचेरीत त्यानं लेखी आल्याशिवाय कागद हलू दिला नाही. तेव्हा लेखी देऊन झालं. आता त्या वाक्यातल्या ‘रिकामी’ या शब्दाचा थोडा खुलासा करणं माझं कर्तव्य आहे.

धंदा मुलाकडे दिल्यावर पहिला महिना मी घरातल्या इस्त्री केलेल्या कपड्यांना पुन्हा इस्त्री करत होतो. दुसऱ्या महिन्यात टॉवेल आणि पायपुसणी घेतली. तेव्हा तुमच्या बहिणीनं मला फिरायला पाठवायला सुरुवात केली, आणि फिरता फिरता मी एका दुकानासमोर थांबलो. काचेमागे वाफेचं इंजिन. हाताच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढं, पण धुराडं, बॉयलर, शिट्टी, खिडकीत ड्रायव्हर, सगळं जिथल्या तिथं. (वाफ त्यात नसते, चालतं विजेवर. पण लग्नाच्या फोटोतही सगळे हसत असतातच.) तुम्हाला ठाऊकच आहे, मी रस्त्याच्या कडेला, मागून आणलेल्या इस्त्रीवर धंदा सुरू केलेला माणूस. पुढे बॉयलर आला, वाफ आली, आणि त्या वाफेनं मला घर दिलं. तेव्हा माझा जीव कशावर बसायचा तर यावरच बसणार.

दुकानदार हा अत्यंत हळू बोलणारा माणूस. गिऱ्हाइकाला जवळ ओढायची ही युक्ती मी लगेच ओळखली आणि तरीही जवळ गेलो. मी विचारलं, कुठलं घ्यावं? तो म्हणाला, “शेठ, आधी वळण सांगा, मग इंजिन सांगतो.” मी म्हटलं, माझं वळण आमच्या घरी विचारा. तो हसला नाही. त्यानं समजावलं की या खेळात इंजिन पसंतीनं घ्यायचं नसतं, रूळ किती मोठ्या गोलाईत वळवायला जागा आहे ते पाहून घ्यायचं असतं. त्याच्याकडे दोन होती. एक छोटं, आखूड, सहा चाकांचं, कोळसा आणि पाणी स्वतःच्याच अंगावर बाळगणारं. ते जेवणाच्या टेबलावरसुद्धा गोल फिरलं असतं. दुसरं लांबलचक, मोठमोठ्या चाकांचं, मागे कोळशाचा वेगळा डबा ओढणारं. त्याला वळायला अख्खी खोली लागते. “खोली केवढी आहे, शेठ?” मी म्हटलं, खोली रिकामी आहे. (पाहा, हेच वाक्य. घरात एकच वाक्य दोघांनी दोन माणसांना सांगितलं, आणि भांडण तिथून सुरू झालं.)

मोठं इंजिन आलं. सुतारानं चारी भिंतींना लागून कमरेच्या उंचीवर फळ्या ठोकल्या, रूळ बसले, गाडी फिरली. दाराशी फळी आडवी असल्यामुळे आत यायचं तर तिच्याखालून रांगत यायचं. तुमची बहीण तशी आली, मधोमध उभी राहिली, साडी झटकली आणि एवढंच म्हणाली, “दादा कुठे झोपणार?” मी म्हटलं, मधे. छान हवेशीर, चहूबाजूंनी देखावा. तिनं विचारलं, “आणि सकाळी उठून त्या गुडघ्यानं बाहेर कसा येणार?” तुम्ही आमच्या फळीखालून रांगत दात घासायला निघाला आहात हे दृश्य मी डोळ्यांसमोर आणलं, आणि खरं सांगायचं तर त्यात मला फारसं वावगं वाटलं नाही. पण तिला वाटलं. तिनं निकाल दिला. इंजिन एका कोपऱ्यात वळायला शिकलं तर राहील, नाहीतर दुकानात जाईल, आणि तिथे दादाची खाट पडेल.

इंजिनाला वळायला शिकवण्यासाठी शेजारचे दातांचे डॉक्टर धावून आले. (त्यांच्याकडे गिऱ्हाईक कमी येतं. भिंतीतून मला ऐकू येतं, दिवसभर खुर्ची वरखाली करत असतात.) लांब इंजिन लहान गोलाईत अडतं ते मधल्या चाकांमुळे. पुढची चाकं वळतात, मागची त्यांच्यामागून जातात, मधल्यांना मात्र सरळच जायचं असतं, आणि चाकाला आतून जी कड असते ती रुळाला घासते. ती कड काढून टाकली की मधलं चाक रुळावर नुसतं टेकतं, कुठे जायचं यात लुडबुड करत नाही. (प्रत्येक घरात असं एक चाक लागतं. आमच्या घरातलं सध्या मी आहे.) डॉक्टरांनी दात घासायचं यंत्र आणलं, इंजिन उशीवर उताणं निजवलं, आणि सवयीनं त्याला म्हणाले, “दुखलं तर हात वर करा.”

ते चाकं घासत असताना मी रिकामा बसू शकेना. त्या दुकानदारानं मला रंगाच्या तीन बाटल्याही दिल्या होत्या. काजळी, धूळ आणि गंज. नवं चकचकीत इंजिन फिरवणं हे या मंडळींत नवशिक्याचं लक्षण समजतात. जाणकार माणूस ते घरी आणून आधी मळवतो. दादा, ज्या गंजाचे डाग काढून काढून मी हे घर बांधलं, तो गंज बाटलीत भरून विकतात हे पाहून मला आपण धंद्याच्या चुकीच्या टोकाला जन्म काढला असं वाटलं. पण डाग या विषयात माझा हात कोण धरणार? पाणी कुठे झिरपतं, तेल कुठे पसरतं, काजळी कुठल्या बोळात बसते, सगळं बारीक ब्रशनं केलं. गंज पातळ करून शिवणींवर सोडला आणि तो आपोआप ओघळेल तसा ओघळू दिला, कारण खरा ओघळ हातानं काढता येत नाही. डॉक्टर बघत राहिले. म्हणाले, काका, ही कला आहे. मीही नको म्हटलं नाही.

वाळल्यावर इंजिन रुळावर उभं केलं आणि तुमच्या बहिणीला दाखवायला बोलावलं. तिनंही माझ्या बरोबरीनं डाग पाहिलेले. एक नजर टाकली आणि म्हणाली, “अहो, हे इंजिन डोकं खाली, पाय वर करून धावायचं का?” गंज सगळा खालून वर ओघळला होता. मी रंगवताना इंजिन उताणं होतं, आणि दोघांपैकी एकाही शहाण्याच्या ते लक्षात आलं नव्हतं. डॉक्टरांना अचानक पेशंट आठवला.

तरी चाचणी झाली. दारातली आडवी फळी काढली होती, आणि शेजारच्या कोपऱ्यातल्या फळीवर लहान गोलाईत रूळ जोडून कडेला चिमुकलं स्टेशन मांडलं होतं. इंजिन झोकात वळलं, मला भरून आलं. पण लांब इंजिन वळलं तरी त्याचं नाक बाहेर झुलतं, आणि ते नाक पहिल्या फेरीत स्टेशनच्या छपराला लागलं. स्टेशन गेलं, पाठोपाठ स्टेशनमास्तर गेला, हातात झेंडी असलेला एक इसमही गेला. दुसऱ्या फेरीत सगळ्यांची विचारपूस करायला इंजिन स्वतः खाली गेलं. तुमची बहीण त्याच वेळी लाँड्रीतल्या धुतलेल्या चादरींची टोपली घेऊन दारातून चालली होती. तिनं टोपली पुढे केली. इंजिन वाचलं, चादरींना डाग पडले. ते आजपर्यंत निघालेले नाहीत, आणि गिऱ्हाइकाला दुसऱ्या चादरी देताना मला लाज वाटली तसा आपल्या रंगकामाचा किंचित अभिमानही वाटला.

दुसऱ्या दिवशी तिनं मला आणि इंजिनाला दुकानात नेलं. दुकानदारानं ते हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, परत उलटं केलं. उलटं बरं दिसतं म्हणाला. मग आणखी हळू आवाजात म्हणाला, “वहिनी, हे आता परत कसं घेऊ? चाकं घासली, डाग पाडले, शेठनी याच्याशी संसारच मांडला.” तुमची बहीण एवढंच बोलली, “हो, यांना ती सवय आहे.” आम्ही इंजिन घेऊन घरी आलो.

घरी आल्यावर तिनं खाटेचं एक टोक धरलं आणि मला दुसरं धरायला लावलं. मी म्हटलं, हरलो, फळ्या काढतो, इंजिन कपाटात ठेवतो, त्याला काय. तर ती खाट तशीच अर्धी उचललेली धरून छताकडे बघत उभी. म्हणाली, “गाद्या आपण वर टाकतो ना? मग हेही वर न्या. खाली दादा राहील.” वर म्हणजे कुठे? तिनं हनुवटीनं दाराच्या चौकटीच्या वर दाखवलं. दादा, ज्या बाईनं मला एकाच खोलीत चूल आणि धंदा दोन्ही कसं बसवायचं ते शिकवलं तिच्याकडून हे यायला हवंच होतं. मला सुचलं नाही याचं आश्चर्य कोणालाच वाटलं नाही. सुतार पुन्हा आला. आता अरुंद फळी दाराच्या वरून, खिडकीच्या वरून, चारी भिंतींना फिरून येते. गोलाई खोलीएवढी, नाक कशाला लागत नाही, आणि एवढ्या उंचीवर गंज कुठल्या दिशेनं ओघळला ते खालून दिसत नाही. खाली खाट, खुर्ची, दिवा, खिडकी. रांगणं नाही, जिना नाही.

तर असं आहे. खोली रिकामी आहे हे तुमच्या बहिणीचं वाक्य आता खरं आहे, निदान दाराच्या उंचीपर्यंत. निर्णय तुमचा. तुम्ही नाही म्हणालात तर तिचं जेवण दोन दिवस जाणार नाही, माझं जाईल, पण ते मला तिच्यासमोर एकट्यानं बसून जेवावं लागेल, एवढं लक्षात घ्या.

थोरांना नमस्कार म्हणायचं तर तिकडे थोर तुम्हीच, तेव्हा तो वर केलाच आहे.

तुमच्या बहिणीनं पसंत केलेला आणि तुम्ही पुढे चालवून घेतलेला,
तुमचा मेहुणा

ता. क. एक अडचण राहिली. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात इंजिन दर फेरीला रुळावरून उतरतं. पडत नाही, कडेला पट्टी मारली आहे, पण तिथेच रुसून उभं राहतं. ते उचलून पुन्हा रुळावर ठेवायला हात पोचला पाहिजे. मी असा बुटका, मुलगा माझ्यावर गेला, सूनबाईला घरात सगळ्यांत उंच म्हणावं तर तिचाही हात चौकटीपर्यंतच. स्टुलावर चढायची मला बंदी झाली आहे. आमच्या ओळखीत जमिनीवर उभ्या उभ्या त्या कोपऱ्याला हात लावील असा माणूस एकच. नुसतं बसून काय करू, हे तुमचं म्हणणं मी तिला नीट समजावून सांगितलं आहे. इथे बसायचं कामच नाही.

ता. क. दुसरा. हे तुमच्या बहिणीला बोलू नका. दातांचे डॉक्टर काल कागदाची घडी घेऊन आले होते. म्हणाले, काका, त्या कोपऱ्यात रुळाखाली एवढी घडी सारली की गाडी पुन्हा उतरायची नाही, दोन मिनिटांचं काम आहे. मी त्यांना चहा पाजला आणि घडी परत दिली. म्हटलं, हात लावू नका, त्या कोपऱ्यावर माणूस नेमला आहे.